पोस्टकार्डावरचा नवरदेव

२३ फेब्रुवारी १९८८

आलं! अकरा दिवसांनी आलं — आणि काय आलं, तर कार्ड! उघडं, पिवळं, अख्ख्या पिंपळनेरनं वाचून झालेलं. पोस्टमन भटूभाऊ दारातूनच म्हणाले, "जवाई कोयसाबद्दल भलतं लिखस पोरी, तुनाबद्दल काहीच नही." खरंच नाही. भुसावळच्या वीजकेंद्रात कोळशाच्या वाघिणी आल्या, ऊन वाढलं, आपली प्रकृती कशी आहे. संपलं.

नाव आधार. जानेवारीत बघायला आला तेव्हा सगळा वेळ चहाच्या बशीकडे बघत होता. नाना आमचे सुधारक! म्हणाले, "दोन-अडीच महिने पत्रं लिहा एकमेकांना. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मला हो की नाही सांग. तू म्हणशील तसं." गल्लीत दुसरा असा बाप दाखवा. पण हो म्हणू ते कशाच्या जोरावर? वाघिणींच्या?

८ मार्च

"पाकिटातून लिहा" असं मी पाकिटातून लिहिलं होतं. उत्तर कार्डावर — "आपल्यात लपवण्यासारखं काय आहे?"

काही नाही. तेच तर रडगाणं आहे!

९ मार्च

शेजारच्या केसरअक्कांनी कार्ड वाचलं. (का नाही वाचणार!) म्हणाल्या, "कमी बोलस तो मानूस भांडस नही." मग दगडाशीच लावा की लग्न.

२६ मार्च

लिहिलं. सरळ. "मी तुम्हाला पसंत आहे का? तुमच्या आईवडिलांना नव्हे, तुम्हाला. खरं काय ते कळवा." पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून परत काढावं. घातलाही. मनगटापुढे जात नाही.

५ एप्रिल

आज तो मेला. साडेअकरा ते अकरा चाळीस.

बालवाडीत शिकवून घरी आले तर भटूभाऊ अंगणात टोपी काढून उभे. "बाहेरच थांब, पोरी. कोपरा फाडेल शे." कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताचं. ते घरात नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. शिक्का भुसावळचा. आईनं वाचायची वाट न बघता गळा काढला, "मनी पोरनं नशीब फुटनं वं माय!" केसरअक्का धावत आल्या, त्याही रडल्या, आणि मधेच थांबल्या — "पन सुतक लागस का वं? आजून साखरपुडा बी व्हयना नही!" यावर दोघींचा चांगला वाद झाला. आंघोळ तरी करावीच, असं शेवटी ठरलं.

मी ओट्यावर बसले होते. बशीकडे बघणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. ऊन वाढलं, वाघिणी आल्या — असलं आणखी एक तरी कार्ड यावं असं वाटत होतं. मला तो हवा होता! शहाणीला हे कळायला त्याला मरावं लागलं.

तेवढ्यात भटूभाऊंनी चष्मा लावला. "आरे, हाई तर त्यानंच अक्षर शे!" मग वाचलं. वाघिणी. ऊन. प्रकृती. आणि अगदी तळाला, "आपल्या प्रश्नाचं उत्तर असं की —" पुढे कोपराच नाही!

आईनं डोळे पुसले आणि त्याच पदरानं तोंड झाकून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मी हसत सुटले ते थांबेना.

६ एप्रिल

काय लिहिलं असेल? काहीतरी गोड लिहिलं आणि लाजून फाडलं, दुसरं काय! उघड्या कार्डावर असलं कोण ठेवील? भटूभाऊंचंही हेच मत. वीस वर्षं लोकांची पत्रं वाचतायत, त्यांना कळणार नाही तर कुणाला!

१२ एप्रिल

कोपऱ्यावर किती अक्षरं मावतात ते कार्ड घेऊन लिहून पाहिलं. बारीक लिहिलं तर पुष्कळ मावतात.

१९ एप्रिल

आखाजी. नानांना हो सांगितलं. त्यांनी विचारलं, "नक्की?" म्हटलं, "नक्की." आईनं पुरणपोळी वाढताना तूप जरा जास्तच ओतलं. दुपारी लिंबाच्या झोक्यावर पोरींनी त्याच्या नावानं गाणं रचलं — काळा काय, मुका काय! ऐकून राग यायला हवा होता. उलट मीच एक ओळ जोडून दिली.

२२ एप्रिल

पाकीट आलं. पहिल्यांदाच. बंद.

"कोपऱ्यावर लिहिलं होतं की, कृपा करून तुम्हीच नाही म्हणा. इथे कॉलनीतल्या एकीशी माझं ठरलं आहे. वडिलांना सांगायची माझी छाती नाही. कार्ड उघडं, म्हणून तेवढं फाडलं. पेटीत टाकल्यावर लक्षात आलं की कोपरा फाडायचा नसतो. घरच्यांना त्रास झाला असेल तर माफी असावी."

नानांना आत्ताच नाही म्हणून आले. कारण विचारलं. म्हटलं, "मुलगा पत्रं कंटाळवाणी लिहितो."

एकच धड लिहिलं मेल्यानं — तेही हे.