आज सात भरायला हवेत

सुतारसाहेब,

सोनोग्राफीला मी एकटीच जातेय. तुम्हाला उठवलं नाही, कारण उठवलं असतं तर तुम्ही आला असतात.

गर्भाशयाचं अस्तर मोजणं हे डॉक्टरांचं काम आहे. परवा पडद्यावर सहा मिलिमीटर दिसले, तर "मॅडम, खूण जरा बाहेरच्या कडेला धरा, सात भरतील," असं तुम्ही त्यांना शिकवलंत. मी तिथे पाय वर करून पडलेली आणि तुम्ही फळी तपासायला आल्यासारखे वाकलेले. शिवाय घरी येऊन आईंना आकडा सांगितलात. त्यांनी तो तिन्ही मावश्यांना कळवला. आता फक्त दूधवाल्याने विचारायचं राहिलंय.

आज सात भरले नाहीत, तर लॅबमध्ये वाढवलेला गर्भ आत सोडायचं या महिन्यातही रद्द होईल. त्यामुळे फोन करू नका, मी आकडा सांगणार नाही.

डबा ओट्यावर आहे. आईंना सांगा, मी शिंप्याकडे गेलेय.

आणि अकरा वाजता दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहा. आत पाऊल टाकायचं नाही. गेल्या महिन्यात रद्द झालं तेव्हा मी एकटी चालत घरी आले होते. आज ते मला जमणार नाही.