दुपारी दोनचे साने

रविवार, १२ जानेवारी २०२५. दिवेआगर.

पोचले एकदाची! डोंबिवलीहून माणगाव, तिथून म्हसळा, मग पुढची एसटी. कंबर पार कामातून गेली, पण वाडीत पाऊल टाकलं आणि माझं मलाच हसू आलं. केवढा हा गारवा. हरीच्या, माझ्या मामेभावाच्या, होमस्टेच्या चार खोल्या आता मी बघायच्या. तो पुण्यात, मी इथे. पाहुण्यांना चावी द्यायची, नाश्त्याचं बघायचं, चादरी धुवून घ्यायच्या. पाच वर्षांपूर्वीच्या वादळात निम्म्या पोफळी गेल्या. त्या जागी लावलेली रोपं आता माझ्या डोक्यावर गेलीत.

शेजारच्या ठमाबाई आमच्या अंगणात सुपारी वाळत घालतात. साठीच्या, काटक. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि संध्याकाळी वाटीभर वालाचं बिरडं आणून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितलंय, म्हणून ही वही. सान्यांच्या त्या प्रकरणाला मात्र इथे जागा नाही. आठ महिने रोज उगाळलं, पुरे. एक्कावन्नाव्या वर्षी मला माझं डोकं परत हवंय.

मंगळवार, १४ जानेवारी.

पाहुणे सकाळीच गेले. ठमाबाईंना तिळगूळ दिला. जेवून दोनच्या सुमारास ओटीवर बसले आणि नको ते सुरू झालंच.

लिहूनच टाकते, म्हणजे संपेल. दत्तात्रेय साने, आमच्या वरच्या मजल्यावरचे, एकटे. आले की तासभर बोलत बसायचे. मे महिन्यात एका दुपारी दोन वाजता त्यांनी बेल वाजवली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं, खाली घातलेलं डोकं दिसलं, आणि दार उघडलं नाही. मी दमले होते. तासाभराने ते जिन्यात सापडले, गेलेले. हृदयविकार. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दार उघडलं असतं तरी फरक पडला नसता. पण पडलाही असता. मी लगेच उघडलं असतं तर—

मान वर केली, तर वाडीच्या टोकाला, कुंपणापाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर कोणीतरी पाठमोरं बसलेलं. कामाला आलेला माणूस असेल म्हणून मी आत गेले. मागाहून ठमाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आज वाडीत कोणीच आलेलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी.

पुन्हा दोन वाजता. भांडी घासताना आठवलं, सान्यांच्या अंगात निळ्या चौकड्यांचा बुशशर्ट होता. हात पुसत बाहेर आले. खुर्ची आता विहिरीजवळ. पाठ तशीच. अंगात निळ्या चौकड्या.

मंगळवारी त्या शर्टाला काही रंगच नव्हता. आज तो मी दिला.

कोण आहे म्हणून ओरडले. तरातरा चालत गेले. पोचेपर्यंत खुर्ची रिकामी झालेली. बसायची जागा उबदार होती.

रविवार, १९ जानेवारी.

घाबरूनच बसायचं तर डोंबिवली काय वाईट होती? मी तपासून पाहिलं. काल दिवसभर डोकं रिकामं सोडलं नाही. पडदे धुतले, एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हटला, ठमाबाईंबरोबर सुपारी सोलली. तो आला नाही. आज जाणूनबुजून पाच मिनिटं ती बेल आठवली. खुर्ची अंगणात, वाळत्या सुपारीच्या मधोमध. एका पायात चप्पल नाही. सान्यांची एक चप्पल जिन्यात वेगळी सापडली होती, हे मला त्या पाच मिनिटांत आठवलं होतं.

म्हणजे याला मीच घडवतेय.

मंगळवार, २१ जानेवारी.

हरीचा फोन. आवाजावरूनच ओळखलं त्याने. म्हणाला, जमत नसेल तर परत जा, मी दुसरं कोणी बघतो. मी साफ नाही म्हटलं. मी गेले तर हाही मागून येणार.

दुपारी तो पायरीवर होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला त्रास देऊ नका. त्याने मान वर केली. चेहरा नव्हता. कणकेचा गोळा मळून ठेवावा तसं गुळगुळीत. भिंगातून मला नुसतं डोकंच दिसलं होतं ना. जे मी पाहिलं नाही, ते त्याच्याकडे नाही.

पण मी पाहिलं होतं.

गुरुवार, २३ जानेवारी.

ठमाबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सोलता सोलता हात तेवढा थांबला. त्यांची धाकटी बहीण खाडीत बुडाली, तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं. पुढे तीन वर्षं ती दुपारची येऊन चुलीपाशी बसायची.

"मीच तिला रोज पुरी करत व्हते, बाय," त्या म्हणाल्या. "तुमी पुरं करू नका. इचार येनार, येऊ द्या. अर्ध्यावर सोडा आन् कामाला लागा."

मी विचारलं, मग ती गेली का.

"गेली न्हाय. अर्धीच ऱ्हायली. अर्ध्या मानसाला उंबरा वलांडता येत न्हाय."

शनिवार, २५ जानेवारी.

नाक आलंय. ओठ आलेत. मी दिले नाहीत— झोपेत दिले असतील. खुर्ची ओटीवर, दाराला टेकलेली. या घराला बेल नाही, तरी दोन वाजले की वाजते. मी तेव्हाच उघडलं असतं तर— कांदा. कांदा चिरायचाय. वाजते. पोहे भिजवायचेत. वाजते. वाजू दे.

रविवार, २६ जानेवारी.

उंबऱ्यावर एक पाय. चप्पल नसलेला.

डोळे तेवढे राहिलेत. हे कुणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही— सान्यांनी त्या दिवशी एकदा वर पाहिलं होतं. थेट भिंगात. मला ते—

नाही. चादरी काढायच्यात दोरीवरच्या.

सोमवार, २७ जानेवारी.

दोन वाजून पाच मिनिटं. तो चौकटीला हात लावून उभा आहे. वाट बघतोय. मी डोळे लिहिले की तो पुरा होईल. पेन आपोआप तिकडेच वळतंय.

साने, ऐका. मी दार उघडलं नाही. हे खरं. जन्मभर खरंच म्हणेन. पण त्यातलं असतं-नसतं यापुढे तुम्हाला एक कणही मिळणार नाही.

ठमाबाई हाका मारतायत, सुपारी उलटायची आहे. मागच्या दाराने निघते. हे वाक्य मी मुद्दाम अर्धं सोडणार आहे, उद्याही सोडीन, परवाही. बसा तुम्ही तिथेच. त्या दुपारी तुमचे डोळे