ताईच्या काचेवरची उभी लाट

मी, खाली सही करणारा, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, धंदा सिंथेसायझरची दुरुस्ती, उद्या छातीच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल होत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. घरी परत आणणे देवाच्या हाती; मागची सोय माझ्या हाती, म्हणून हे मृत्युपत्र.

राहते घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसह, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. बँकेतली शिल्लक तिच्या खर्चाला. ती हयात असेपर्यंत घर विकू नये, तिला आश्रमात ठेवू नये. हे धाकट्या भावासाठी लिहिले आहे. दोन्ही गोष्टी तो माझ्यासमोर बोलून बसला आहे.

दुरुस्तीची हत्यारे गल्लीतल्या रेडिओवाल्याला. वीज मोजायचा माझा मीटर त्याच्याकडेच आहे. मागून मागून माझी जीभ झिजली. आता खुशाल ठेवावा.

टेबलावरचा जुना टीव्ही आता टीव्ही नाही. सूर तपासायला मी त्याचा ऑसिलोस्कोप केला. पिक्चर ट्यूबवरच्या कॉइलची एक जोडी सोडवली आणि तिला सिंथेसायझरचा आवाज अॅम्प्लिफायरमधून जोडला. सूर वाजला की काचेवर लाट उमटते. आडवी हवी, ती उभी आली. कॉइल फिरवून नीट करणार, तोच ताईने हात धरला. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. वरून खाली उतरणाऱ्या लाटेवर बोट फिरवून तिने खुणेने विचारले, "हा तू?"

तेव्हापासून संध्याकाळची प्रार्थना तिच्यासमोर वाजवतो. ऐकणारे दुसरे कोणी नाही. लाट उभीच राहू द्यावी. मागचे झाकण उघडू नये. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणी वीज साठून असते.

भाऊ एकदा म्हणाला, "दादा, त्यापेक्षा भिंतीपुढे वाजव की!"

"भिंत मान डोलवत नाही रे."

तो हसला. मला हसू आले नाही. तरी सिंथेसायझर त्यालाच देतो, या अटीवर की जमेल तेव्हा येऊन त्याने तिच्यासमोर वाजवावे. बेसूर चालेल, ती नावे ठेवणार नाही.

वाजवणे थांबले की काचेवर नुसती सरळ रेघ राहते. मी पाणी प्यायला उठलो असे ताई समजते, आणि वाट पाहत बसते. म्हणून मी गेल्यावर यंत्र नुसते चालू करून कोणी निघून जाऊ नये. आधी तिला सांगावे. भावानेच सांगावे, समोर बसून, तिचा हात हातात घेऊन.

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
शेजारचे शिंपी (सही)
औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

स्थळ: दुकानाची खोली
तारीख: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची