डॅनीच्या नावाची डबी

१६ मार्च २००६, गुरुवार

थायलंडच्या शाळेचं पत्र आलं. आमच्या डॅनीला इंग्रजी शिकवायला घेतलं! विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं घासल्यावर देवानं दार उघडलं.

सोबत कागदांची यादी. महारोग नाही, हत्तीपाय नाही, क्षय नाही असं डॉक्टरनं लिहून द्यायचं. शिवाय मास्तर नशा करतो का, ते लघवी तपासून बघायचं. रिपोर्ट एकतीसच्या आत, नाहीतर जागा दुसऱ्याला.

हे म्हणाले, "आपल्याकडे असं तपासलं तर निम्म्या शाळांना कुलूप लागेल."

१७ मार्च

काल आनंदात लक्षात आलं नाही. परवा धुळवडीला डॅनी मित्रांकडे कारेगावला गेला होता. आला तो डोळे लालभडक, आपला आपणच हसतोय. सात चपात्या खाल्ल्या.

शेजारच्या सारजाबाईंना सहज विचारलं, कारेगावला धुळवडीला काय करतात? म्हणाल्या, "भांग घोटत्यात की! आमच्या भाच्यानं मागं पिऊन बैलाला रामराम घातला. आन् बैल बोलंना म्हून रुसून बसला."

त्यांना हसू आलं. मला नाही.

लॅबमधल्या संपतला सांगितलं, महिला मंडळात नशेबद्दल माहिती द्यायची आहे. तो म्हणाला, "काकू, भांग-गांजा दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा लघवीत सापडतो."

डॅनीला काय विचारणार? खोटं बोलला तर पाप त्याला, खरं बोलला तर नोकरी गेली.

१९ मार्च, रविवार

चर्चमध्ये उपासनेनंतर महिला मंडळात निर्व्यसनाची शपथ. नेहमीप्रमाणे मी वाचली, बाया माझ्यामागे म्हणाल्या. 'माझ्या घरात' या शब्दांशी जरा अडखळले.

२० मार्च

केलं.

संपतनं डबी घरीच दिली होती, सकाळची पहिली लघवी भरून आणायला. डॅनीनं भरून मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दाढीला बसला. मी ती ओतली. डबी तीनदा धुतली, पुसली, माझी भरली. वर त्याचं नाव होतंच.

विडी नाही, मिश्री नाही, ईस्टरआधीच्या या उपवासकाळात तर चहासुद्धा सोडलाय. याहून स्वच्छ लघवी शिरूर तालुक्यात मिळायची नाही. प्रभूकडे आशीर्वाद मागितला नाही. एवढंच म्हटलं, थोडा वेळ दुसरीकडे बघ.

२३ मार्च

रिपोर्ट आला. नशा सापडली.

भांग नव्हे. अफूच्या जातीची!

डॅनी पांढराफटक. "आई, मी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही गं." हे त्याच्याशी बोलले नाहीत. मला आत येऊन म्हणाले, "भांग असती तर पोरगं चुकलं म्हटलं असतं. पण अफू?"

मी आमटी वाढत होते. वाढत राहिले.

२४ मार्च

डॉक्टरबाईंकडे एकटी गेले. दार लावून घेतलं, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उपकार.

"कृपाबाई, औषध कुठलं घेता?"

"काही नाही. खोकल्याचं तेवढं."

"किती?"

"झोपताना दोन झाकणं. कधी तीन."

"त्या औषधात अफूचा अंश असतो. कधीपासून घेता?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून."

"आणि खोकला?"

मी आठवू लागले. खोकला जाऊन वर्ष उलटलं.

२५ मार्च

दोघांना समोर बसवून सांगितलं.

"तू माझी डबी ओतलीस?" डॅनीनं हे तीनदा विचारलं. मग म्हणाला, भांग प्यालोच नव्हतो. डोळ्यांत रंग गेला होता.

"मग हसत का होतास?"

"थायलंडच्या शाळेचा ई-मेल आला होता. पक्कं पत्र हातात आल्यावर तुम्हाला सांगणार होतो."

हे उठून बाहेर गेले. खांदे हलत होते, हसत होते. डॅनी हसला नाही. "विचारायचं तरी होतंस, आई," एवढंच म्हणाला आणि दुसरी डबी आणायला निघाला.

२६ मार्च, रविवार

घसा बसलाय म्हणून शपथ वाचायला नाही म्हटलं. मंडळातल्या रतनबाईंनी लगेच पिशवीतून खोकल्याचं औषध काढलं. "घ्या, लई गुणकारी हाय."

"नको," म्हणाले. पण बाटली कुठली ते बघून घेतलं.

२९ मार्च

दुसरा रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरबाईंनी पहिल्या डबीबद्दल चिठ्ठी लिहून दिली, संपतनं तो रिपोर्ट रद्द केला. डॅनीचे कागद कुरिअरनं गेले. देवाची स्तुती असो.

घरातली बाटली यांच्यासमोर मोरीत ओतली. हे म्हणाले, "आता मोरी झोपेल निवांत."

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, एकदम सोडू नका, माझ्याकडे या, हळूहळू कमी करू. कशाला? चहा नाही का एका दिवसात सोडला.

३१ मार्च

झोप नाही. पाय ओढतात, नाक गळतंय. मंडळाच्या हिशेबाच्या वहीत आकडे वाकडे येतात.

१ एप्रिल

कागद मिळाले, जागा पक्की, असा डॅनीला थायलंडहून ई-मेल आला. घरात पेढे. तो माझ्याशी पहिल्यासारखा बोलला. मी त्याच्यावर विनाकारण ओरडले.

३ एप्रिल, सोमवार

बहिणीला भेटून येते असं सांगून दौंडला गेले. स्टेशनसमोरच्या औषधाच्या दुकानात मला कोणी ओळखत नाही. दुकानदारानं विचारलं, "कुणाला खोकला आहे, मावशी?"

मी खोकून दाखवलं.