आठ माणसं आणि दाजींची शिडी

३ जून.
आजपासून आयुष्याला शिस्त. रोज लिहायचं, रोज व्यायाम, रागावर ताबा. शिवाय पहिलाच इन्कम टॅक्स रिटर्न भरायचाय. नोकरदारांचं सगळं आयतं. आम्ही पडलो कॉन्ट्रॅक्टर. (रंगकाम. आतलं आणि बाहेरचं.) दाजी म्हणाले, शिडी माझी, डबे माझे, तू कसला रे कॉन्ट्रॅक्टर? ताबा. दार मात्र जरा जोरात लागलं.

४ जून.
टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात गेलो. आत साहेब. बाहेरच्या टेबलावर ती. केसांत पेन खोचलेलं. संपलो.
तिने समजावलं: चांदणीची खूण असलेले प्रश्न भरायचेच. बाकीचे ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे रिकामं सोडायचं, उगाच शहाणपणा करायचा नाही. मी ठणकावलं, काही अर्धवट सोडणाऱ्यातला मी नाही. तिने विचारलं, शिक्षण? म्हटलं, कॉलेज, दीड वर्ष. तिने लगेच फॉर्मच पुढे केला. छाप पडली असणार.
फॉर्म घरी आणला. व्यायाम उद्यापासून.

५ जून, दुपार.
फोन नंबर (ऐच्छिक): भरला. ठळक. फॉर्म तिच्या हातून जाणार. शहाण्याला शब्दाचा मार.
हाताखाली किती माणसं (ऐच्छिक): शून्य लिहिलं. फार केविलवाणं दिसत होतं. इंग्रजी शून्याच्या डोक्यावर दुसरं शून्य ठेवलं. आठ! भरल्या घरासारखं वाटलं.
इतर माहिती (ऐच्छिक): चारच ओळींची जागा. प्राचार्यांनी माझा भर वर्गात कसा पाणउतारा केला आणि मी ताडकन कॉलेज का सोडलं, हे चार ओळींत मावेल? मागची कोरी बाजू वापरली. शेवटी लिहिलं: लग्न अद्याप नाही. विचार चालू.

७ जून.
फॉर्म दिला. मागची बाजू वाचताना तिने ओठ घट्ट मिटले. भावना आवरत होती बिचारी. म्हणाली, हे सगळं खरंच पाठवायचं? मी म्हटलं, एक अक्षर खोडायचं नाही. आणि ही आठ माणसं? म्हटलं, कधी कधी नऊसुद्धा होतात.

१२ जून.
फोन नाही. ती लाजाळू असावी. फोन चार्जरला लावून त्याच्याशेजारीच बसलो, त्यामुळे कामावरच्या घरातली हॉलची एक भिंत रंगवायची राहिली. घरमालकीण बोलली. मीही बोललो. काम गेलं. रागावरचा ताबा सोमवारपासून.

२० जून, सकाळी ११.१०.
फोन वाजला!! शिडीवरून उतरताना पाय डब्यात. पांढरा, ऑइल पेंट.
टॅक्स खातं. घोगऱ्या आवाजाचा माणूस. आठही कामगारांची नावं, पत्ते, पगाराच्या नोंदी घेऊन दहा दिवसांत या, नाहीतर दंड. मी भडकलो. माझा नंबर दिला कुणी तुम्हाला? म्हणाला, तुम्हीच.

२१ जून.
टॅक्स खात्यात जाऊन त्या माणसाचं टेबल उलटवायचं ठरवलं. गेलो. टेबल लोखंडी, जमिनीला बोल्ट मारलेलं. परत आलो.

२२ जून.
माणसं जमवणं सुरू. दाजींना म्हटलं, फक्त कागदावर माझ्या हाताखाली या. ते म्हणाले, आधी शिडीवरून खाली ये. ताई म्हणाली, एका पोरीपुढे रुबाब करायला सरकारला थापा मारतोस होय रे? हिला कसं कळलं? मी तर त्या ऑफिसचा विषय दिवसातून फार तर दहा वेळा काढतो.

२८ जून.
खरं सांगून टाकायचं, एका दमात, असं ठरवूनच तिच्याकडे गेलो. म्हणालो, माणसं सोडून गेली. तिने विचारलं, आठही? म्हटलं, नववाही.
तिने केसांतलं पेन काढून टेबलावर ठेवलं. हसली नाही. म्हणाली, चूक झाली असेल तर सुधारित रिटर्न भरता येतो, पण आता तरी खरं बोला. फॉर्म माझ्या टेबलावरून गेलाय. साहेबांनी कालच विचारलं, तू तपासला नव्हतास का? माझी नोकरी आहे ही.
म्हणालो, कुणीच नव्हतं. शिडीसुद्धा दाजींची आहे.
ती म्हणाली, बसा.

३० जून.
सुधारित रिटर्न गेला. आठाच्या जागी तिने स्वच्छ शून्य काढलं. तिच्या हातचं शून्य इतकं वाईट दिसत नाही. इतर माहिती: कोरी. प्राचार्य सुटले. माझा फोन नंबरही काढून टाकला. म्हणाली, आता कोण करणारे फोन?
शेवटी धीर केला. म्हटलं, काही अडलं तर तुमचा नंबर? तिने पावतीवरचा छापील नंबर दाखवला. म्हटलं, हा ऑफिसचा. तुमचा? ती हसली. म्हणाली, तो ऐच्छिक आहे.
घरापर्यंत तरंगत आलो. नाही म्हणाली नाही! ऐच्छिक म्हणाली! ताईला सांगितलं, दाजींना सांगितलं, शिडी पुसून ठेवली.

तोच दिवस, संध्याकाळ.
ऐच्छिक म्हणजे काय करायचं, ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मागचं पान उलटून पाहिलं. ४ जून. माझ्याच अक्षरात आहे.