कोपरापर्यंत हात

कौसामावशी,

रोज सकाळी तुम्ही आमच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभ्या राहायचात. मी घड्याळ लावून मोजलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, ही दहा मिनिटं फुकट जातात. तुम्ही एवढंच बोललात, "सरकी पहिले तपस, मंग पेटस, भाऊ." ढीग आतून आपसूक तापतो नि पेटतो, हे ऐकून मी हसलो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कामावर आला नाहीत.

आज मी स्वतः हात घातला. आत गरम लागतं, पण किती गरम झालं की घाबरायचं, ते मला कळत नाही. कामावरच्या बायकांना विचारलं, तर सगळ्या आपापल्या कामाला लागल्या.

म्हसावदला तुमच्याकडे गाडी पाठवायची आहे, पण हे पत्र टाकायलाही तोंड नाही.

बायकांचे जेवणाचे डबे नेहमी ढिगामागच्या खोलीत असतात. आज सगळे फाटकाबाहेर निंबाला टांगलेत.

मयंक