वर्गात ओळख दाखवायची नाही

२२ जानेवारी
आई माझ्याच वर्गात! मी अजून हायस्कुलात, पण आमच्या शाळेतल्या मुलांना कॉलेजचे वर्ग आत्तापासूनच करता येतात. आई दिवसभर डेंटिस्टकडचे फोन घेते आणि संध्याकाळी एकेक वर्ग करते, गेली कित्येक वर्षं. आणि आता प्रोग्रॅमिंगला दोघी एकत्र! ठरलंय – वर्गात ओळख दाखवायची नाही.

२९ जानेवारी
ओळख दाखवली नाही. पण प्रश्न विचारून विचारून वर्ग डोक्यावर घेतला तिने!

२० फेब्रुवारी
कांतू सरांनी आज स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावणारं फंक्शन शिकवलं. आईचा हात वर – "सर, पण थांबून परत फिरायचं कधी, हे त्याला सांगतं कोण?" मागची मुलं फिदीफिदी हसली. मलाही ते कळलेलं नाही! परीक्षेत मात्र बरोबर येईल, फळ्यावरचं सगळं पाठ आहे.

गाडीत आई म्हणाली, "नायेली, तू का नाही विचारलंस?"

"आपली ओळख नाही ना."

ती इतकी हसली की घराचं वळण चुकलं. तो प्रश्न मात्र डोक्यातून जात नाहीये.

१४ मार्च
दोन्हीकडून होकार! इथलं विद्यापीठ माझे सगळे क्रेडिट धरतंय – थेट तिसरं वर्ष, दोन वर्षांत पदवी. पण इथे शिकवतात ते ऑफिसांतले कॉम्प्युटर चालते ठेवायला. उत्तरेकडचं विद्यापीठ ते आतून कसे चालतात ते शिकवतं. तिथे बाकीचं धरतात, प्रोग्रॅमिंग तेवढं नाही. पहिला वर्ग पुन्हा पहिल्यापासून! एक वर्ष जास्त.

चायो मावशी फोनवर ओरडली, "केलेलं पुन्हा करायचं? वेड लागलंय का तुला, मिहा, माझ्या पोरी?"

लागलंय बहुतेक. मला तेच हवंय! थांबायचं कधी ते कोण सांगतं, हे नीट बघायचंय.

३ एप्रिल
पण आई एकटी पडेल. घरात आम्ही दोघीच. तिला विचारलं तर ती "जा" म्हणेल, म्हणून विचारतच नाही.

२८ एप्रिल
उत्तरेला नकार कळवून टाकला. रात्री आईला सांगितलं – इथेच राहतेय. ती काहीच बोलली नाही, काल्दो सुपाचं पातेलं घासत राहिली. आनंदाने शब्द फुटेना झाला असेल. मला मात्र रडू आलं.

२९ एप्रिल
आई चाललीय. उत्तरेला! मला न सांगता तिनेही अर्ज केला होता. "तू जाणारच असं धरून चालले होते गं. म्हटलं, तिथेही ओळख दाखवायची नाही, झालं!"



"पहिला वर्ग पुन्हा करायला लावतायत," ती म्हणाली. चेहरा नुसता फुललेला. "बरंच झालं! माझे किती प्रश्न राहिलेत." मग एकदम घाबरून – "तुला इथे एकटीला जमेल ना, मिहा?"

सकाळी उत्तरेच्या विद्यापीठाचं ऑफिस उघडलं की पहिला फोन माझा – नकार मागे घ्यायला.